खंडेनवमीला मी मशीन बंद केलं

मशीन मी बंद केलं. आधी तेच सांगून टाकते. त्या दिवशी लाईट गेली नव्हती, वायर जळली नव्हती, मशीनला काही झालं नव्हतं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण मी माझ्या हाताने दाबलं, आणि ते पण देवाचं काम करतेय असं समजून.

आमची खोली लालबागला, चाळीत, दुसऱ्या माळ्यावर. एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात ओटा, आणि खिडकीपाशी सुनेचा कम्प्युटर. सून घरी बसून मराठी टाइप करून द्यायची. लग्नाच्या पत्रिका, मंडळाचे अहवाल, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, असं काहीबाही. मुलगा टेम्पोवर, आठ-आठ दिवस बाहेरगावी. म्हणजे खोलीत आम्ही दोघी आणि ते मशीन.

मी त्याला मशीनच म्हणते. मी मिलमध्ये होते, वायंडिंग खात्यात. बायका तिथे कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. रिकामी लावायची, भरली की काढायची, दुसरी लावायची. शाळा चौथीपर्यंत, ती पण गावाला. अक्षर लावून लावून वाचते. पण कांडी किती भरली ते मला दहा हातांवरून कळायचं. अर्धी, पाऊण, भरत आली. डोळ्याला सवयच तशी लागली होती.

संप झाला तेव्हा नवरा-बायको दोघं मिलमध्ये. हे साचे खात्यात, मागावर, मी वायंडिंगला. लोक म्हणाले महिन्याभरात मिटेल. मी माझा डबा घासून फळीवर पालथा घातला, लागेल परत म्हणून. तो लागला नाही. ह्यावर मी जास्त बोलत नाही, खूप जणांनी बोलून झालंय. भांडी घासली, मसाले कुटून दिले, लोकांच्या बाळंतिणी सांभाळल्या. हे गावाला गेले, परत आले, खंगले, आणि एके दिवशी गेले. झालं.

पण एक गोष्ट मला लागून राहिली होती. सांगितली तर लोक हसतील. संपानंतर खंडेनवमीला पुजायला मशीन राहिलं नाही.

मिलमध्ये खंडेनवमी म्हणजे काय विचारता! आदल्या दिवसापासून मशीन पुसायची, सूत-कचरा काढायचा, तेल द्यायचं. झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे. साड्या आम्ही नव्या नेसून जायचो त्या दिवशी. सगळं खातं बंद करायचे आणि मग पूजा. आमची नायकीण, म्हणजे बायकांवरची बाई, तोंडाची फार कडक. तिचा एक नियम होता. चालत्या मशीनला कुंकू लावायचं नाही. आधी बंद, मग हळद-कुंकू. कारण एका वर्षी एक बाई घाईघाईत चालत्या मशीनला कुंकू लावायला गेली आणि बांगडीसकट मनगट आत ओढलं गेलं. बाई वाचली, पण पुढे त्या हाताने तिला पोळी लाटता आली नाही. नायकीण दरवर्षी ती गोष्ट सांगायची. "पूजा करताय की बळी देताय गो?" म्हणायची.

मिल गेली आणि घरात पुजायला राहिली विळी, कोयती आणि पाटा-वरवंटा. मी करायची पूजा, पण विळीसमोर हात जोडताना मनाला काही वाटायचं नाही. म्हणून सुनेने एका बंद पडलेल्या ऑफिसातून तो जुना कम्प्युटर आणला तेव्हा तिच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला. पहिल्याच खंडेनवमीला मी त्याला झेंडूची माळ घातली. सून हसली, म्हणाली, "आई, पडद्यावर फक्त कुंकू लावू नका, डाग जात नाही." त्या वर्षी, त्याच्या पुढच्याही वर्षी, सणाला तो बंदच असायचा. म्हणून कधी काही झालं नाही.

त्या वर्षी मात्र चालू होता.

गिरगावातले एक म्हातारे सर दिवाळी अंक काढायचे. त्यांचा टाइप करणारा माणूस डोळ्यांनी अधू झाला, आणि कोणाच्या तरी ओळखीने सबंध अंक आमच्या सुनेकडे आला. सबंध अंक! एवढं मोठं काम तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं. आषाढीपासून ती बसलेली. पाठ अशी दुखायची की उठताना खुर्चीला धरून उठायची. सर तिला म्हणाले होते, "हा वेळेत दिलात तर दरवर्षी तुम्हीच." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा मजकूर छापखान्यात पोचायला पाहिजे होता. छापखान्यात नंबर लावलेले असतात. नंबर गेला तर अंक निघणार दिवाळी झाल्यावर, आणि दिवाळी झाल्यावर दिवाळी अंक कोण हातात घेणार?

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही.

सरांकडून चित्रं आली होती, ती तिच्या मशीनवर उघडत नव्हती. मशीनची सिस्टीम जुनी. दादरला तिचा एक ओळखीचा मेकॅनिक, त्याने एक सीडी दिली. म्हणाला, ही टाका, अपडेट होईल, चित्रं उघडतील, तासाभराचं काम आहे. खंडेनवमीच्या सकाळी तिने सीडी घातली. पडद्यावर एक चौकोन आला आणि त्यात हिरवी पट्टी हळूहळू भरायला लागली. तेवढ्यात सरांचा फोन, शेवटची गोष्ट सोडून बाकीची प्रुफं तपासून झालीत, घेऊन जा. तिने चपला घातल्या.

"आई, ते चालू दे. मी येईपर्यंत हात लावू नका."

हे ती रोज बोलायची. रोज मी हात लावत नव्हते. पण ती खंडेनवमी होती.

मी आंघोळ केली. माळ ओवली. तबक केलं. मशीनसमोर उभी राहिले तर आतला पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय. चालतं मशीन. माझ्या कानात नायकीण बोलली, आता काय सांगू. म्हटलं पाच मिनिटांचा प्रश्न. पूजा करते, परत चालू करते, ती यायच्या आत. हिरव्या पट्टीकडे मी बघितलं, ते मला पक्कं आठवतं. भरली नव्हती. पाऊण कांडी होती. आणि मी बोर्डाचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखा घुर्र करत थांबला. मी निवांत हळद-कुंकू लावलं, पडद्याला नाही, खालच्या डब्याला. माळ घातली, साखर ठेवली, हात जोडले. मग बटण परत चालू केलं आणि डब्यावरचं गोल बटण दाबलं, सून दाबते तसं.

चालू झालं. मला बरं वाटलं. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव आलं, खाली छोटे निळे ठिपके पळायला लागले. ही ओळखीची खूण. ह्याच्यानंतर तिचं हिरव्या डोंगराचं चित्र येतं. मी चित्राची वाट बघत उभी राहिले. चित्र आलं नाही. एकदम निळं काहीतरी चमकलं, डोळा मिटायच्या आत गेलं, आणि परत काळं. परत नाव. परत ठिपके. परत निळं. परत काळं.

मला पहिल्यांदा वाटलं, असंच असेल, दोनदा करत असेल. तिसऱ्यांदा झालं. चौथ्यांदा झालं. मी जागची हलले नाही. दहाव्या वेळेला मला कळलं की हे थांबणार नाही.

मशीन बंद पडणं मी बघितलंय. मोठमोठी मशीन, सबंध खातं एका मिनिटात गप्प होताना बघितलंय. पण बंद पडतंय, आपलं आपण उठतंय, तेवढंच चालून परत पडतंय, हे मी जन्मात बघितलं नव्हतं. माणसाला फिट येते ना, तसं. आणि समोर मीच घातलेली माळ. बटण दाबून बंद करावं तर त्याची भीती, कारण मगाशी बंद केलं म्हणून तर हे झालं. चालू ठेवावं तर ते धडपडतंय. मी पाटावर बसले आणि बघत राहिले. ओट्यावर डाळ शिजून करपली, त्याचा वास आला तरी मी उठले नाही.

सून आली तेव्हा ऊन खिडकीवरून उतरलं होतं. हातात प्रुफांची पिशवी. दारातच तिची नजर पडद्यावर गेली. ठिपके पळाले, निळं चमकलं, काळं झालं. ती पिशवी धरून तशीच उभी. मग माझ्याकडे बघितलं, माळेकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी म्हटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "लाईट गेली होती का, आई?"

मी म्हटलं, "हं."

एवढंच. एक हं. पण एवढी वर्षं झाली, तो हं अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

ती बसली. एकेक बटण दाबून बघितलं. वायर काढून लावली. काही नाही. मग म्हणाली, "आई, सगळं ह्याच्यातच आहे हो." आवाज असा, की जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय.

"दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाय?"

"पहिल्या महिन्याचं आहे. बाकीचं ठेवते ठेवते म्हणून राहिलं."

मेकॅनिक संध्याकाळी आला. चाळिशी उलटलेला, मालवणकडचा, पोट सुटलेलं, जिना चढून धापा टाकत होता. आल्या आल्या त्याने माळ बघितली. "वा, नवरो बोहल्यावर बसलो हा!" कोणी हसलं नाही, तसा तो गप्प झाला.

"काय झालं नेमकं?" त्याने सुनेला विचारलं.

सून म्हणाली, "व्होल्टेज कमी-जास्त झालं. दुपारी पंखा पण जोरात फिरत होता."

मी तिच्याकडे बघितलं. ती दुपारी घरात नव्हती. पंखा बंद होता, कारण मला समई लावायची होती. मला वाटलं, लाईट गेली हे मी सांगितलं, त्याच्यावर तिने आपलं काहीतरी जोडलं असेल. माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरं काही शिरतच नव्हतं.

"आणि अपडेट?"

"ते झालं असणार पूर्ण. तासाभराचंच तर काम होतं."

"मग पॉवर सप्लाय उडाला असेल," तो म्हणाला. डबा उघडला. आतला धुळीचा लगदा बघून म्हणाला, "ह्याच्यात भाजी पेरली तर येईल." पिशवीतून दुसरा सप्लाय काढला, लावला. नाव, ठिपके, निळं, काळं. मग आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून रबराने घासल्या, परत बसवल्या. तेच. एक पट्टी काढून एकीवर चालवून बघितलं. तेच. तासभर झाला. त्याच्या कपाळावरचा घाम डब्यात टपकेल की काय असं मला वाटत होतं.

शेवटी त्याने हात पुसले. "वहिनी, डिस्क गेली असं वाटतं. फॉरमॅट मारून बघू."

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे मावशी, सगळं पुसायचं आणि नव्याने घालायचं."

"पुसायचं?"

"त्याच्याआधी डिस्क काढून दुकानात दुसऱ्या मशीनला लावतो. मजकूर मिळाला तर मिळाला."

सून म्हणाली, "मजकूर मिळून काय करू? ही अक्षरं जुन्या पद्धतीची. दुसऱ्या मशीनवर उघडली तर नुसत्या रेघोट्या दिसतात. त्यांची सीडी केव्हाच तुटली. अक्षरं ह्याच्यातच आहेत."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "उद्या दुकान बंद आहे. तरी येतो. सकाळी येतो. पण मग फॉरमॅटच मारावं लागेल, सांगून ठेवतो." आणि गेला.

आम्ही जेवलो नाही. तिने सरांना फोन केला नाही, मी कर म्हटलं नाही. आठवडाभर ताप येऊन गेल्यासारखं अंग झालं होतं माझं. मला सारखं वाटत होतं, सांगावं. आणि मग वाटायचं, सांगून काय होणार? आता काही उलटं फिरणार आहे का? तिला कळलं तर उलट जास्त त्रास, घरातल्या घरात. मी स्वतःला असं समजावत राहिले, आणि ते मला पटत पण होतं. माणूस कसा असतो बघा.

सकाळी दसरा. मी केर काढत होते. काढता काढता बोर्डापाशी आले आणि झाडू हातातच राहिला.

आमचा बोर्ड जुना. पंधरा-वीस वर्षांचे हात लागून लागून सगळी बटणं काळी झालेली. त्यातलं एक बटण पांढरंशुभ्र होतं. मशीनचं. कोणीतरी ओल्या फडक्याने घासून पुसल्यासारखं. मी माझा अंगठा बघितला. नखाच्या कडेला कुंकू होतं अजून. पूजा झाल्यावर मी त्याच अंगठ्याने बटण परत चालू केलं होतं. म्हणजे बटणावर माझ्या अंगठ्याचं कुंकू लागलेलं असणार, लाल, ठसठशीत. आणि ते आता नव्हतं. मी पुसलं नव्हतं.

तिने आल्या आल्या बोर्डाकडे बघितलं होतं.

म्हणजे तिला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. लाईट गेली का, हे तिने मला विचारलंच नव्हतं. ती मला वाट करून देत होती. आणि मेकॅनिक यायच्या आधी तिने बटण पुसून घेतलं, आणि त्याच्यासमोर व्होल्टेज म्हणाली, कारण परक्या माणसाने सासूला नावं ठेवू नयेत. तिचं तीन महिन्यांचं काम तिच्यासमोर मरत होतं आणि ती माझं कुंकू पुसत बसली होती.

मी तिथेच खाली बसले. मशीनने जेवढी हादरले नव्हते तेवढी मी त्या पांढऱ्या बटणाने हादरले. ती ओट्यापाशी चहा गाळत होती, पाठमोरी. मी म्हटलं, "अगो, बटण तू पुसलंस?"

गाळणी तिच्या हातात थांबली. मागे वळली नाही.

"बोर्ड घाण दिसत होता."

"एकच बटण घाण होतं?"

तिने दुसरा कप पुढे ओढला. तेवढ्यात मेकॅनिक दारात. हातात पिशवी, शर्टाच्या खिशात आपट्याची पानं. "सोनं घ्या, मावशी," म्हणाला. मी सोनं घेतलं नाही. मी उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "व्होल्टेज-बिल्टेज काय नाय. मशीन मी बंद केलं. बोर्डावरून. पूजेला."

"आई," सून म्हणाली.

"गप्प बस. बोलू दे मला." मी त्याला सगळं सांगितलं. नायकीण सोडून. "आणि ती हिरवी पट्टी भरली नव्हती. ही म्हणते झालं असणार, पण नव्हतं झालं. पाऊण होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

तो पिशवी ठेवता ठेवता थांबला. "पाऊण? नक्की?"

"तीस वर्षं कांड्या भरल्यात बाबा. पाऊण म्हणजे पाऊण."

"अहो मग काल का नाय बोललात?" तो एकदम ओरडलाच. "मी रात्री झोपेत पण सप्लाय बदलत होतो! डिस्क गेलेली नाय हो वहिनी. अपडेट अर्धं शिरलंय आणि अर्धं बाहेर राहिलंय. दारात अडकलेल्या माणसासारखं. आत पण जात नाय, बाहेर पण येत नाय."

सून माझ्याकडे बघत होती. "मला वाटलं पूर्ण झालं होतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं त्यानंतर तुम्ही…" आणि तोंडावर हात ठेवला. म्हणजे माझ्या हं ने आणि तिच्या व्होल्टेजने मिळून आम्ही त्या माणसाला सबंध एक संध्याकाळ भलत्याच रोगाचं औषध द्यायला लावलं होतं. आणि तो आज जे पुसायला आला होता ते पुसून गेला असता.

मी भिंतीला टेकून राहिले.

मग तो बसला. मशीन चालू करून वरच्या ओळीतलं एक बटण टकटक दाबत राहिला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची यादी आली. "हे बघा मावशी. हे आपोआप पडतं आणि आपोआप उठतं, म्हणून कुठे लागलंय ते दिसत नाय. आता ह्याला सांगतो, पडलास तर पडून राहा." त्याने एक ओळ निवडली. नाव आलं, ठिपके पळाले, निळं आलं, आणि ह्या वेळेला निळं गेलं नाही. थांबलं. सबंध पडदा निळा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. कालपासून जे डोळा मिटायच्या आत पळत होतं ते आमच्यासमोर उघडं उभं राहिलं. मला ते बघवेना, तरी बघत होते.

त्याने वाचलं, कागदावर उतरवलं. "बरोबर. अपडेटचाच तुकडा आहे." मग मशीनची मूळ सीडी सुनेकडून मागून घेतली. ती तिने देवाच्या फळीवर ठेवली होती, बरं झालं. काळ्या पडद्यावर तो एकेक ओळ टाइप करायचा, थांबायचा, परत करायचा. अर्धं शिरलेलं सगळं एकेक करून बाहेर काढायचं होतं, म्हणाला. सून त्याच्या मागे उभी, मी तिच्या मागे उभी. मध्येच तो म्हणाला, "मी पण काल दुकानात पूजा केली मावशी. पण चालत्या मशीनवर फूल टाकलं आपलं."

"चालत्या मशीनला कुंकू लावशील तर एक दिवस हात जाईल."

"ह्याच्यात हात नाय जात. डेटा जातो."

सून हसली. रडत होती आणि हसली. मला कळेना काय करावं.

दुपार कलली तेव्हा त्याने सीडी काढली आणि मशीन परत चालू केलं. नाव. ठिपके. मी डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, मिटलेच. मग सुनेचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिने ते इतकं घट्ट धरलं की दुखलं. डोळे उघडले तर हिरवा डोंगर.

चित्रं उघडत नव्हती ती नव्हतीच. ती मेकॅनिक दुकानातून करून आणतो म्हणाला. सुनेने एकेक फाइल उघडून बघितली. कविता आहेत. लेख आहेत. गोष्टी आहेत, पहिली, दुसरी, तिसरी. शेवटची गोष्ट उघडेना. क्लिक केलं की मशीन नुसतं विचार करायचं आणि नाही म्हणायचं.

"ती मी उघडीच ठेवून गेले होते," सून म्हणाली. "घाईत. बंद करायला पाहिजे होती. ही माझी चूक, आई. ही तुमची नाही."

मी म्हटलं, "वाटण्या नंतर करू. कागद कुठे आहेत?"

लेखकाच्या हातचे कागद पिशवीत होते. बत्तीस पानं. अक्षर असं, की कोंबडीने पाय ओढले. सुनेला कागदाकडे बघायचं, मग पडद्याकडे, मग कागदाकडे, ह्यात वेळ जायचा. मी म्हटलं, मी वाचते, तू मार. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी चष्मा लावला आणि सुरू केलं. अक्षर लावून लावून. जोडाक्षर आलं की थांबायची. पहिल्या पानाला इतका वेळ लागला की मला घाम फुटला. पण ती थांबायची. एकदा पण च्च केलं नाही.

मेकॅनिक जाताना दारात म्हणाला, "आता मशीनला काय होईल ते होऊ दे, तुम्ही दोघी लूपमध्ये जाऊ नका." लूप म्हणजे मशीनसारखं तेच तेच पडत-उठत राहणं, हे मला मागून कळलं, पण सून तेव्हाच म्हणाली चांगलंच बोलला.

ती गोष्ट कुठल्या तरी मिलमजुराच्या बायकोची निघाली. संपात तिचा नवरा जातो आणि ती छाती पिटत रस्त्यावर येते, धाय मोकलून रडते, दोन पानं रडते. मी वाचता वाचता थांबले.

"काय झालं?"

"असं कोण रडतं गो?"

"आई, लिहिलंय ते वाचा."

"त्या बाईला दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं नाय? तिच्या चाळीत नळ किती वाजता येतो ते ह्याने लिहिलंच नाय."

"आई!"

मी वाचलं. लिहिलं होतं ते वाचलं. खाली पोरं सोनं वाटत फिरत होती, कोणी कोणी वर आली, आम्ही दारातूनच पानं घेतली. रात्रीचं जेवण व्हायच्या आत गोष्ट संपली. माझा आवाज बसला होता. मेकॅनिक रात्री चित्रांची सीडी देऊन गेला, आणि सून जागून प्रुफांवरच्या दुरुस्त्या घालत बसली. मग तिने सगळा मजकूर, अक्षरांसकट, तीन वेगवेगळ्या सीडींवर घेतला. तीन. एक पर्समध्ये, एक पिशवीत, एक देवाच्या फळीवर.

सकाळी ती निघाली. मी खिडकीतून बघितलं, ती रस्ता क्रॉस करून बस पकडेपर्यंत. मग दिवसभर मी काय केलं मला आठवत नाही. जेवले नसेन. मशीनकडे पाठ करून बसले होते.

ती परत आली संध्याकाळी. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली. मी विचारलं नाही.

"घेतलं सरांनी," ती म्हणाली. "छापखान्यात पोचलं."

"काय बोलले?"

"तिथेच बसून सगळं परत एकदा तपासलं. म्हणाले, बाकीच्यात बऱ्याच चुका राहिल्यात, एवढी घाई करू नका. आणि शेवटच्या गोष्टीत एक पण सापडली नाही, ती कोणी वाचून दिली?"

"मग?"

"मी म्हटलं सासूबाईंनी."

ती मोरीत जाऊन पायावर पाणी घेत होती. पाण्याच्या आवाजातच म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या अंकाला वाचायला तुम्ही बसाल का, असं विचारलंय. मी हो म्हणून आले."